तुटीचा ताळेबंद

१९४० च्या उन्हाळ्यात एका फ्रेंच व्यापाऱ्याला ब्रिटिश पासपोर्ट देण्यात आला. त्यावर खुद्द पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांची सही होती. फ्रान्स जूनमध्येच जर्मनीपुढे कोसळला होता आणि ब्रिटन एकटे पडले होते. अशा वेळी ब्रिटिश सरकारने आपल्या शस्त्रखरेदीचे काम पाहण्यासाठी या परक्या माणसाला वॉशिंग्टनला पाठवले. त्याचे नाव ज्याँ मोने. त्याने सैन्यात कधी नोकरी केली नव्हती, विद्यापीठाची पायरी चढली नव्हती आणि निवडणूकही लढवली नव्हती. युरोपीय ऐक्याचा शिल्पकार म्हणून आज मोने यांचे नाव घेतले जाते, पण त्याआधीची त्यांची तीस वर्षे मला अधिक महत्त्वाची वाटतात. देशाची सुरक्षा कारखान्यात, बंदरात आणि बँकेत कशी ठरते, हे त्या काळात त्यांच्याइतके नेमके ओळखणारे फार थोडे होते. जे ओळखले ते सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरवण्याची हातोटी तर त्याहून दुर्मीळ होती.

मोने यांचा जन्म १८८८ चा, फ्रान्सच्या कोन्याक गावचा. घरचा धंदा ब्रँडीचा. ही ब्रँडी लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवावी लागते आणि तिचे मोठे गिऱ्हाईक परदेशात असते. त्यामुळे त्या घरात जेवणाच्या पंगतीला जगभरचे व्यापारी असायचे आणि गप्पा लंडन-न्यूयॉर्कच्या चालायच्या. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मोने इंग्रजी आणि व्यापार शिकायला लंडनला गेले. पुढे दोन वर्षांनी ब्रँडी विकायला कॅनडात. निघताना वडिलांनी बजावले, पुस्तके नेऊ नकोस, खिडकीबाहेर बघ आणि माणसांशी बोल. हा सल्ला त्यांनी जन्मभर पाळला. कॅनडात त्यांची हडसन्स बे कंपनीशी ओळख झाली आणि तीच ओळख पुढे फ्रान्सला धान्य व युद्धसामग्री आणून देण्याच्या कामी आली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा मोने पंचवीस वर्षांचे होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांना सैन्यात घेतले नाही. फ्रेंच सरकार पॅरिस सोडून बोर्दोला गेले होते. एका परिचित वकिलाच्या मध्यस्थीने त्यांनी तिथे पंतप्रधान रने विव्हियानी यांची भेट मिळवली. त्यांचे म्हणणे साधे होते. फ्रान्स आणि ब्रिटन रणांगणावर एकत्र लढत होते, पण बाजारात मात्र दोघे एकमेकांवर कुरघोडी करत होते. गहू तोच, तटस्थ देशांची जहाजे तीच, आणि दोघे त्यांवर चढ्या बोली लावत होते. एकाच घरातल्या दोन भावांनी एकाच लिलावात एकमेकांविरुद्ध भाव चढवावा, तसा हा प्रकार. विव्हियानींना ते पटले आणि त्यांनी मोने यांना लंडनला पाठवले.

पटणे वेगळे आणि घडणे वेगळे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना आपल्या जहाजांचा आकडा फ्रेंचांना सांगायचा नव्हता, फ्रेंचांना आपल्या गोदामांतला गव्हाचा साठा ब्रिटिशांना कळू द्यायचा नव्हता. दोन्हीकडच्यांना वाटे, खरी स्थिती उघड केली तर वाटा कमी मिळेल. संयुक्त कारभाराची पहिली ठोस व्यवस्था उभी राहायला दोन वर्षे लागली. नोव्हेंबर १९१६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांनी गव्हाची खरेदी आणि वाहतूक एका समितीकडे सोपवली. फ्रेंच बाजूने व्यापारमंत्री एत्येन क्लेमांतेल यांचा या विचाराला भक्कम पाठिंबा होता.

पुढचे काम जर्मन पाणबुड्यांनी केले. फेब्रुवारी १९१७ पासून त्यांनी दिसेल ते जहाज बुडवायला सुरुवात केली. एकट्या एप्रिल महिन्यात साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे समुद्रतळाशी गेली. आता तूट पैशांची नव्हती, जहाजांची होती आणि जहाज नोटा छापून मिळत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस दोस्तांची सागरी वाहतूक परिषद स्थापन झाली. तिच्या कार्यकारी मंडळात ब्रिटिश नौवहन खात्याचे आर्थर सॉल्टर, इटलीचे बर्नार्दो अत्तोलिको, अमेरिकेचे जॉर्ज रुब्ली आणि मोने असे चौघे होते.

या मंडळाची कामाची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक देशाने वर्षभरात काय काय आयात करायचे याची यादी द्यायची: गहू, मांस, कोळसा, लोकर, तेल, दारूगोळा. प्रत्येक मालासाठी वेगळी समिती ती यादी तपासायची. मग साऱ्या याद्यांची बेरीज टनांत केली जायची आणि दुसऱ्या बाजूला उपलब्ध जहाजांची टनक्षमता मांडली जायची. मागणी नेहमी जास्तच निघायची. कापायचे कुठे, एवढाच प्रश्न उरायचा. आणि कागदावर सगळ्यांचेच आकडे असल्यामुळे कोणालाही आपली गरज फुगवून सांगता येत नसे. या मंडळाला कोणत्याही देशावर हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. तरी त्याचे म्हणणे मानले जाई, कारण तेवढी माहिती इतर कोणाकडेच नव्हती. १९१८ च्या उन्हाळ्यात महिन्याला अडीच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक अटलांटिक ओलांडून फ्रान्सला पोहोचत होते. इतर मालाची वाहतूक कुठे आणि किती आवरायची याचा हिशेब तयार असल्याशिवाय त्यांच्यासाठी जहाजे काढता आली नसती.

युद्ध संपताच ही यंत्रणा मोडीत निघाली. शांततेच्या काळातही कच्च्या मालाचे वाटप असेच एकत्र व्हावे, असे क्लेमांतेल आणि मोने यांना वाटत होते. अमेरिकेला ते मुळीच मान्य नव्हते. मोने राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले, पुढे घरचा धंदा बुडू लागल्याने तिथून बाहेर पडले, नंतर बँकिंगमध्ये गेले, पोलंड आणि रुमानियाच्या चलनाला स्थैर्य देण्याच्या व्यवहारांत होते, चीनमध्येही काम केले. तो सगळा भाग इथे ओलांडून पुढे जाऊ.

१९३८. म्युनिकच्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला देण्यात आला. फ्रान्सचे पंतप्रधान एदुआर दलादिए त्या करारावर सही करून परतले, पण आपण सही का केली हे त्यांना पक्के ठाऊक होते. फ्रेंच हवाईदलाचे प्रमुख जनरल व्हियमँ ऑगस्टमध्ये जर्मनीला भेट देऊन आले होते आणि युद्ध झाले तर आपले हवाईदल पंधरवड्यात संपेल, असे त्यांचे मत झाले होते. फ्रेंच कारखान्यांतून तेव्हा महिन्याला जेमतेम चाळीस-पन्नास विमाने बाहेर पडत होती. हाताशी तीन-चार हजार विमाने असती तर म्युनिक झालेच नसते, असे दलादिए खासगीत म्हणत. त्यांनी मोने यांना गुपचूप अमेरिकेला पाठवले आणि ऑक्टोबरमध्ये हाइड पार्क येथील घरी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट झाली.

रूझवेल्टना मदत करायची होती, पण कायदा आडवा येत होता. युद्ध पेटले की लढणाऱ्या देशांना शस्त्रे विकायची नाहीत, असा अमेरिकेचा तटस्थता कायदा होता. मग सीमेपलीकडे कॅनडात विमानांची जुळणी करता येईल का, इथपर्यंत चर्चा झाली. अमेरिकी लष्कराचा या विक्रीला विरोध होता. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी मात्र ती पुढे रेटली. आणि २३ जानेवारी १९३९ रोजी हे गुपित आकाशातून खाली पडले. लॉस एंजलिसमध्ये डग्लस कंपनीचे एक नवे बाँबफेकी विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वैमानिक ठार झाला. ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेला दुसरा माणूस कंपनीचाच मेकॅनिक असल्याचे आधी सांगण्यात आले, पण तो फ्रेंच हवाईदलाचा अधिकारी निघाला. अमेरिकी वर्तमानपत्रांत आणि सिनेटमध्ये गदारोळ उठला. रूझवेल्ट मागे हटले नाहीत.

त्या पहिल्या खेपेत पाचशेच्या वर विमानांची मागणी नोंदवली गेली. युद्धाच्या मानाने हा आकडा किरकोळच. पण त्याचा खरा लाभ दुसरीकडे झाला. अमेरिकी कारखाने मंदीतून पुरते सावरले नव्हते आणि स्वतःच्या भांडवलावर यंत्रे वाढवायला तयार नव्हते. फ्रेंच आणि नंतरच्या ब्रिटिश मागण्यांनी तो खर्च उचलला. ईस्ट हार्टफर्ड येथील प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिन कारखान्यात फ्रेंच पैशांतून जो नवा भाग उभा राहिला, त्याला ‘फ्रेंच विंग’ असेच नाव पडले. फ्रान्सच्या कामी यातली फारशी विमाने वेळेत आली नाहीत. परंतु दोन वर्षांनी अमेरिका स्वतः युद्धात उतरली तेव्हा इंजिने बनवणारी ती इमारत, ती यंत्रे आणि हात बसलेले कामगार जागेवर तयार होते. शस्त्रांचा कारखाना उभारायला दीड-दोन वर्षे लागतात. संकट दारात आल्यावर ती वर्षे कुठूनही विकत मिळत नाहीत.

डिसेंबर १९३९ मध्ये मोने लंडनमध्ये फ्रेंच-ब्रिटिश समन्वय समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पहिल्या युद्धातली जुनी मागणी पुन्हा लावून धरली: दोन्ही देशांची विमाने, उत्पादन, कमतरता एका कागदावर मांडा आणि शेजारी जर्मनीचा अंदाज लिहा. विमानांचा असा ताळेबंद तयार झाला आणि त्यातली दरी पाहून दोन्ही राजधान्यांचे डोळे उघडले. तोवर ब्रिटिश आणि फ्रेंच अर्थखात्यांचा हिशेब उलट्या टोकाने चालत होता. युद्ध तीन वर्षे चालेल, डॉलर मोजकेच आहेत, तेव्हा ते जपून खर्चायचे, असे त्यांचे धोरण होते. मोने म्हणत, जिंकायला काय लागेल ते आधी ठरवा, पैसा कसा उभा करायचा हे त्यानंतर पाहू. अर्थखात्याच्या माणसांना हे बेजबाबदार वाटे. इतिहासाने कौल मोने यांच्या बाजूने दिला. जून १९४० मध्ये पॅरिस पडले तेव्हा फ्रान्सचे न खर्चलेले सोने तिजोरीत शिल्लक होते.

त्या जूनमधला एक प्रसंग सांगायलाच हवा. १६ तारखेला लंडनमध्ये मोने आणि त्यांचे सहकारी फ्रान्स आणि ब्रिटन यांचे एकच राष्ट्र करण्याचा मसुदा घेऊन धावपळ करत होते. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाने तो मंजूर केला, दगॉल यांनी फोनवरून तो फ्रान्सचे पंतप्रधान रेनो यांना वाचून दाखवला, पण त्याच संध्याकाळी रेनो यांचे सरकार गेले आणि मार्शल पेतँ सत्तेवर आले. माझ्या मते ही योजना तगण्याजोगी नव्हतीच. आकड्यांनी अधिकाऱ्यांचे मन वळते, पराभवाने खचलेल्या मंत्रिमंडळाचे वळत नाही. मात्र त्याच रात्री अटलांटिकपलीकडे एक काम पार पडले. दोन्ही देशांसाठी अमेरिकेत खरेदी करणाऱ्या संयुक्त मंडळाचे प्रमुख आर्थर पर्व्हिस यांनी ओळखले, की फ्रान्स शरण गेला तर अमेरिकेतल्या फ्रेंच मागण्या अधांतरी लटकतील. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी फ्रेंच खरेदी अधिकाऱ्यांसोबत बसून सगळे फ्रेंच करार ब्रिटनच्या नावे करून घेतले. ही जबाबदारी सुमारे ६० कोटी डॉलरची होती. लंडनची रीतसर मंजुरी हातात येईपर्यंत थांबायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी अमेरिकेने फ्रान्सची मालमत्ता गोठवली. पर्व्हिस रात्री झोपायला गेले असते तर ती विमाने आणि इंजिने ब्रिटनला कधी मिळाली असती, कोण जाणे. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हा कर्तबगार माणूस विमान अपघातात गेला. त्यांचे नाव आज कुणाच्या ओठी नाही, याचे वाईट वाटते.

वॉशिंग्टनमध्ये मोने यांनी कोणतेही मोठे पद मागितले नाही. रूझवेल्ट यांच्या भोवती कोण कागद तयार करतो, कोणाचा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी हेरले. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर, युद्धखात्यातले जॉन मॅक्लॉय, राष्ट्राध्यक्षांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे ते एकच गोष्ट सांगत राहिले, शब्दही फारसे न बदलता. रोज सकाळी लांबवर चालून येत आणि मग एकच टिपण पुन्हा पुन्हा लिहीत, एका पानात मावेपर्यंत. अमेरिकेने लोकशाहीचे शस्त्रागार व्हावे, हा शब्दप्रयोग त्यांनी फ्रँकफर्टर यांच्यापाशी केला आणि फ्रँकफर्टर यांनी त्यांना तो पुन्हा कुठे न उच्चारण्याची विनंती केली, अशी हकीकत आहे. २९ डिसेंबर १९४० रोजी रूझवेल्ट यांच्या रेडिओ भाषणातून तो जगाने ऐकला. मार्च १९४१ मध्ये उधार-उसनवारीचा कायदा झाला आणि डॉलर संपत आलेल्या ब्रिटनला शस्त्रे मिळत राहण्याची सोय झाली.

तरीही नेमका प्रश्न कोणी विचारलाच नव्हता: हिटलरला हरवायला एकूण किती लागेल? मोने यांनी तो लावून धरला. अमेरिकी सरकारचे संख्याशास्त्रज्ञ स्टेसी मे १९४१ च्या शरद ऋतूत लंडनला जाऊन आले आणि अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तिघांचा एकत्रित ताळेबंद त्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला पुरा केला. जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक देशाची शस्त्रनिर्मिती अजून ब्रिटन आणि कॅनडाच्या मागे रेंगाळत होती, हे त्यात स्पष्ट दिसले. त्याच दिवसांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला. ६ जानेवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी काँग्रेसपुढे लक्ष्ये जाहीर केली: त्या वर्षी ६०,००० विमाने, पुढच्या वर्षी १,२५,०००, त्या वर्षी ४५,००० रणगाडे, पुढच्या वर्षी ७५,०००. ऐकणारे थक्क झाले. जॉन मेनार्ड केन्स यांनी पुढे म्हटल्याचे सांगतात, की मोने यांनी युद्ध बहुधा एका वर्षाने आखूड केले.

युद्धकथा सहसा इथे थांबतात. मला पुढचा भाग तितकाच मोलाचा वाटतो. आकडा वर नेणारा तज्ज्ञ जसा लागतो, तसा तो खाली आणणाराही लागतो.

राष्ट्राध्यक्षांनी लक्ष्ये दिल्यावर सेनेच्या प्रत्येक शाखेने आपापल्या मागण्या जोडल्या आणि कारखान्यांकडे करारांचा पूर लोटला. १९४२ च्या मध्यापर्यंत पोलाद आणि तांबे कमी पडू लागले. न्यू ऑर्लिन्समध्ये हिगिन्स कंपनीला २०० मालवाहू जहाजांची मागणी देण्यात आली होती. त्यासाठी प्रचंड गोदी उभी राहत होती आणि जुलैमध्ये पोलाद नाही म्हणून मागणीच रद्द झाली. तांब्याची चणचण एवढी, की ओक रिजच्या अणुप्रकल्पात विद्युतचुंबकांच्या गुंडाळ्यांसाठी अमेरिकी खजिन्यातली हजारो टन चांदी उसनी घ्यावी लागली.

युद्ध उत्पादन मंडळाच्या नियोजन समितीचे प्रमुख होते रॉबर्ट नेथन. त्यांच्यासोबत त्यांचे पेनसिल्वेनिया विद्यापीठातले गुरू सायमन कुझ्नेट्स होते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे शास्त्र ज्यांनी अमेरिकेत घडवले, ते हेच. त्यांनी देशाच्या एकूण उत्पादनातून जनतेला जगायला लागणारा किमान वाटा वजा केला, माल आणि मनुष्यबळाची मर्यादा तपासली आणि सांगितले: ही लक्ष्ये ठरलेल्या मुदतीत होणार नाहीत. अट्टहास केला तर अर्धवट कारखाने, इंजिनाविना रणगाडे आणि टर्बाइनविना जहाजे हाती येतील. १९४३ च्या मागणीचा काही भाग १९४४ वर ढकला, आणि युद्धनीती ठरवणारे व उत्पादन सांभाळणारे यांना एका टेबलाशी बसवा.

लष्कराचे पुरवठाप्रमुख जनरल ब्रेहॉन सॉमरव्हेल संतापले. हा अहवाल विचारी माणसांच्या नजरेस पडू नये अशा बेताने दडवून ठेवावा, असे त्यांनी लिहून कळवले. नेथन गप्प बसले नाहीत. त्यांनी तितकेच सडेतोड उत्तर पाठवले. ऑक्टोबरमध्ये मंडळाच्या बैठकीत मोठी खडाजंगी झाली आणि अखेर सेनाप्रमुखांना आपला १९४३ चा कार्यक्रम सुमारे ९३ अब्ज डॉलरवरून ८० अब्जांवर आणावा लागला. नोव्हेंबरमध्ये पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम या तीन धातूंच्या वाटपाची काटेकोर पद्धत जाहीर झाली, कारण हे तीन हाती असले की बाकीचे उत्पादन आपोआप आवाक्यात येते.

१९४२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४८,००० विमाने तयार झाली, १९४३ मध्ये सुमारे ८६,०००, १९४४ मध्ये ९६,००० हून अधिक. रूझवेल्ट यांनी जाहीर केलेला आकडा एकाही वर्षी गाठला गेला नाही. पण तो जाहीर झाला नसता तर एवढेही झाले नसते, आणि वेळीच छाटला नसता तर निम्मे काम अर्धवट पडले असते. मोने आणि कुझ्नेट्स यांना एकमेकांचे विरोधक ठरवणे चूक आहे. दोघे एकच काम करत होते: गरज आणि कुवत एका कागदावर आणून सत्तेवरच्या माणसाला तो कागद वाचायला लावणे. मोठ्या पदावरच्या माणसाला नको असलेला आकडा तोंडावर सांगायला दोन्ही वेळा सारखीच हिंमत लागली.

युद्धानंतर फ्रान्सच्या पुनर्बांधणीची योजना मोने यांच्याकडे आली. १९४६ मध्ये पॅरिसच्या मार्तिन्याक रस्त्यावरच्या एका घरात, मोजक्या माणसांनिशी त्यांनी ते कार्यालय थाटले. पहिल्या योजनेत त्यांनी सहाच क्षेत्रे धरली: कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेती-यंत्रे आणि वाहतूक. सल्ल्यासाठी त्यांनी अमेरिकेहून बोलावले ते रॉबर्ट नेथन यांनाच. त्यातून पुढे काय निघाले ते सर्वपरिचित आहे. शस्त्रे ज्यापासून बनतात तो कोळसा आणि ते पोलाद फ्रान्स व जर्मनीने एका सामाईक प्राधिकरणाखाली ठेवावे, हा प्रस्ताव ९ मे १९५० रोजी परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन यांनी जाहीर केला. मसुदा मोने यांच्या कार्यालयात तयार झाला होता. ऑगस्ट १९५२ मध्ये लक्झेंबर्गला ते प्राधिकरण सुरू झाले आणि मोने त्याचे पहिले अध्यक्ष झाले. करारावर सह्या करणारे देश सहा: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. ब्रिटनने बाहेर राहणे पसंत केले आणि ते १९७३ मध्ये आत आले.